चार बोटं आणि जर्मनचं ताट

माझ्या डाव्या हाताच्या चार बोटांना जगाची फारशी खबर नसते. अंगठा शहाणा आहे, त्याला गरम-गार समजतं. बाकी चौघांची टोकं बहिरी. लग्नाकार्यात पोरंटोरं भोवती जमली की मी बायकोकडून साडीची टाचणी मागून घेतो, डावा हात उंच धरतो, सगळ्यांकडे एकदा बघून घेतो आणि टाचणी सावकाश मधल्या बोटाच्या टोकात खुपसतो. पोरी किंचाळतात. एखादा धीट पोरगा पुढे येऊन स्वतः टोचून बघतो आणि माझ्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही म्हटल्यावर त्याचाच चेहरा पडतो. बायको म्हणते, "केस पिकले, आता तरी लाजा." मी लाजत नाही. या खेळाला इतिहास आहे. तो माझ्या मामाला ठाऊक आहे, म्हणून मामा समोर बसलेला असला की मी टाचणी जरा जास्तच वेळ रुतवून ठेवतो.

ही बोटं गिटारनं केलेली आहेत. गिटारच्या तारा पोलादी असतात. तार दाबली की ती आधी कातडीत रेघ पाडते, मग फोड येतो, मग तो फुटतो, आणि मग त्या फुटलेल्या जागेनंच पुन्हा तीच तार दाबायची असते. जो दाबतो त्याला घट्टे पडतात. जो दाबत नाही त्याची गिटार पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर जाते. घट्टा म्हणजे काही पदक नव्हे, ती मेलेली कातडी आहे. तिची बडदास्त मात्र एखाद्या खाष्ट सासऱ्यासारखी ठेवावी लागते. पाण्यात फार भिजवायची नाही, तेल लावायचं नाही, पदर सुटला तर दातानं ओढायचा नाही, ब्लेडनं हलक्या हातानं तासायचा. एवढं करूनही महिनाभर वाजवणं सोडलं तर ती सालपटासारखी निघून जाते. खालून निघतात बाळाची गुलाबी बोटं, आणि पुन्हा पहिल्यापासून रक्त. हे शेवटचं लक्षात ठेवा.

गिटार मला नांदेडला मिळाली. आमच्या कापडाच्या दुकानाचं एक गिऱ्हाईक रेल्वेत साहेब होतं. त्यांची बदली झाली तेव्हा सामान बांधता बांधता त्यांच्या मुलानं ती मला देऊन टाकली. बाबांनी ती सतारीचं पिल्लू समजून चालवून घेतली. मग भूकंप झाला. किल्लारीकडची ती पहाट. नांदेड तिथून लांब. आमच्याकडे भिंती नुसत्या थरथरल्या, मांडणीवरची भांडी खणखणली. पण खिळ्याला टांगलेली गिटार कुणी हात न लावता वाजली. सगळ्या तारा एकदम. बाबा जागे झाले ते त्या आवाजानं. पुढे बातम्या आल्या, तिकडे गावंच्या गावं दगडमातीखाली गेल्याचं कळलं, तोवर बाबांच्या डोक्यात क्रम पक्का बसला होता. आधी ही वाजली, मग जमीन हलली.

"बारावी होईपर्यंत ही अवदसा तुझ्या हातात दिसली," बाबा म्हणाले, "तर बंबात घालीन."

आमच्या न्हाणीघरात तांब्याचा मोठा बंब होता. माझी क्रिकेटची बॅट त्यात गेलेली मी या डोळ्यांनी पाहिली होती. वर त्या दिवशी पाणी किती कढत निघालं होतं, हे बाबा पुढे कितीतरी दिवस पाहुण्यांना आवडीनं सांगायचे. तेव्हा धमकी पोकळ नव्हती.

दहावी झाली आणि मला लातूरला मामाकडे पाठवलं. तेव्हा बारावीच्या निकालांसाठी लातूरचं नाव नुकतंच गाजायला लागलं होतं. अर्ध्या मराठवाड्यातली पोरं वळकट्या घेऊन एसटीतून उतरत होती, कारण प्रत्येकीच्या आईला आणि प्रत्येकाच्या बापाला घरात डॉक्टर हवा होता. एकीकडे भूकंपग्रस्तांच्या पत्र्याच्या शेड, दुसरीकडे क्लासच्या पत्र्याच्या शेड. बाहेरून सारख्याच दिसायच्या. एकीत माणसं जीव वाचवून बसलेली, दुसरीत जीव टांगणीला लावून.

माझ्या वळकटीत गिटार होती. गोधडीत गुंडाळून, वर सतरंजी, वर सुतळी. कंडक्टरनं गाडीत जागा करायला वळकटीवर पाय दिला तेव्हा आतून ठण्ण असा आवाज झाला.

"काय हाय रं गादीत?"

"तांब्या," मी म्हणालो.

"लई सुरात हाय तांब्या," असं म्हणून तो पुढे तिकिटं फाडायला गेला.

मामाच्या घरी गिटार नेणं शक्यच नव्हतं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, भुसार मालाची आडत, आणि घरातलं खुट्ट झालेलं बाबांना फोनवर सांगणारा. पण क्लासच्या वाटेवर एका बँड पार्टीचं दुकान होतं. वरातीत बेंजो वाजवणारे एक चाचा तिथं बसायचे. ढोल-ताशांच्या ढिगात गिटार ठेवायला त्यांनी जागा दिली आणि क्लास सुटल्यावर तासभर शिकवायचंही कबूल केलं. बेंजो वेगळा, गिटार वेगळी, पण चाचांच्या मते तार ती तार.

चाचांना माझं रडणं आवडायचं. बोटं फुटली की ते दुकानाबाहेरच्या लोकांना बोलावून दाखवायचे. "देखो, डॉक्टरसाब का ऑपरेशन चालू है." एकदा मी बोटांना चिकटपट्टी लावून गेलो. चाचांनी हात हातात घेतला, मायेनं थोपटला, आणि पट्टी सटकन ओढून काढली. पट्टीबरोबर कातडीही आली.

"रोता कायको? तार को क्या मालूम तू किसका लाडला है. बजा."

मी वाजवलं. तारांवर लाल ठिपके पडत होते, आणि चाचा बाजूला बसून भजी खात होते. महिन्या-दोन महिन्यांनी बोटांची टोकं पिवळट झाली, टणक झाली, त्यांवर तारांच्या गंजाच्या काळ्या रेघा बसल्या. एक दिवस चाचांनी बिडीचं पेटतं टोक माझ्या तर्जनीला टेकवलं. मी नुसता बघत राहिलो. "अब जमा," चाचा म्हणाले.

इकडे क्लासमध्ये वेगळ्याच घट्ट्याची परीक्षा होती. आमच्या सरांची एक पद्धत होती. दर सोमवारी सर दारात उभे राहायचे आणि आत जाणाऱ्या प्रत्येकानं उजवा हात पुढे करायचा. भरपूर लिहिणाऱ्याच्या मधल्या बोटाला, पेन टेकतं तिथं, घट्टा पडतो. सर तो अंगठ्यानं दाबून बघायचे. टणक लागला तर आत. मऊ लागला तर दिवसभर भिंतीला लागून उभं राहायचं. वहीवर, मार्कांवर सरांचा विश्वास नव्हता; वही दुसऱ्याची उतरवता येते, बोट उतरवता येत नाही, असं ते म्हणायचे. तरी पोरं उतरवायची. कुणी विटेवर बोट घासायचं, कुणी डिंकाचे थर चढवायचं. सर डिंकाचा घट्टा नखानं उचकटायचे आणि त्या पोराला तो गिळायला लावायचे.

माझा उजवा हात म्हणजे राजपुत्राचा. सरांनी बोट दाबलं आणि वर्गाकडे वळून म्हणाले, "हा डॉक्टर होणारे. ऑपरेशन न्हाई करणार, पेशंटला नुसता कुरवाळणार." वर्ग हसला. डावा हात मी खिशात ठेवला होता. सगळ्या लातुरात माझ्याइतके घट्टे कुणाला नसतील आणि मी भिंतीला लागून उभा होतो.

सरांनी मामाला निरोप धाडला, पोराच्या हातावर अभ्यास दिसत नाही.

मामा तुरीचा व्यापारी. माल पोत्यावर काय लिहिलंय ते न बघता मूठभर तळहातावर घेऊन बघणारा. त्यानं मला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पूजेला माझ्या शेजारी बसला.

आम्ही लिंगायत. सकाळी आंघोळ करायची, कपाळाला विभूती लावायची, इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन डोळ्यांसमोर धरायचं आणि उजव्या हातानं पूजा करायची. दुसऱ्यांचा देव देवळात असतो, आमचा तळहातावर. मामा एक डोळा किलकिला करून माझ्या उजव्या हाताची तपासणी करत होता, पण उजवा हात बेलाचं पान उचलायला गेला आणि मामाच्या नजरेसमोर डावा राहिला. तळहाताचं ते देऊळ सकाळच्या उजेडात लख्ख दिसत होतं, आणि त्याच्या चारी खांबांना लोणा लागलेला होता.

पूजा झाल्यावर मामानं माझं मनगट धरलं. "हे काय?"

"सायकलच्या ब्रेकनं झालं."

त्यानं एक टोक चिमटीत धरून दाबलं. "दुखतंय?"

"न्हाई."

"आता?" मामानं नख रुतवलं.

"अजिबात न्हाई," मी म्हणालो, आणि सांगायला हरकत नाही, त्या उत्तरात थोडी मिजास होती. एवढं रक्त सांडून कमावलेली गोष्ट पहिल्यांदाच कुणीतरी तपासत होतं. मामाचा चेहरा मात्र पांढरा पडला. विभूतीपेक्षा पांढरा.

त्या दिवसांत सरकारनं गावोगावच्या भिंतींवर महारोगाची सूचना रंगवून ठेवली होती. अंगावर बधिर जागा असेल, टोचलेलं कळत नसेल, तर दवाखान्यात दाखवा. मामाच्या आडतीसमोरच्या भिंतीवर ती सूचना होती. मामा ती रोज, दुकानात बसून, गिऱ्हाईक नसताना, वर्षानुवर्षं वाचत आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी छातीवर पुस्तक ठेवून पेंगत होतो. मामा जेवणानंतर चघळायचा त्या ओव्याचा वास आला म्हणून डोळे किंचित उघडले. मामा माझ्या हातावर वाकलेला, आणि त्याच्या हातात पोती शिवायचा दाभण. तो दाभण माझ्या अनामिकेच्या टोकात उभा होता. मला काही कळलं नव्हतं. मला वाटलं, याला गिटारचा सुगावा लागला आणि हा आता घट्ट्याची जाडी मोजतोय. हललो तर भांडं फुटेल. म्हणून मी झोपेचं सोंग चालू ठेवलं. झोपेत माणूस हसतो तसा थोडा हसलोसुद्धा. मामानं दाभण जरा फिरवून पाहिला, मग हळूच काढून घेतला आणि चोरपावलांनी निघून गेला.

त्या संध्याकाळपासून माझं ताट बदललं.

घरात सगळ्यांना स्टीलची ताटं होती. मला जर्मनचं, म्हणजे अल्युमिनियमचं आलं, कडेला चेपलेलं, ज्यात पूर्वी म्हशीला पेंड भिजवायचे. मामी भाकरी वाढायला वाकेना. उभ्यानंच सोडायची. भाकरी ताटात पडली की थप् असा आवाज व्हायचा. पाणी वरून धार धरून. ताट मीच घासायचं, कपडे मीच धुवायचे, आणि त्या पाण्यानं माझे घट्टे मऊ पडायला लागले, हे मला सगळ्यात जास्त झोंबलं.

"आजपास्नं तू मागच्या शेडमधी झोप," मामी म्हणाली. "तिथं अभ्यास चांगला होतोय."

भूकंपानंतर मामाच्या घराला तडे गेले होते, तेव्हा त्यांनी परसात पत्र्याची शेड टाकली होती आणि कितीतरी दिवस सगळे तिथंच झोपले होते. आता त्या शेडमध्ये मी आणि रिकामी पोती.

"आन् पूजा बी तिकडंच करत जा," मामा पाठमोऱ्यानं म्हणाला.

मला वाटलं, हे गिटारचंच प्रायश्चित्त. मामानं नांदेडला फोन केला असणार, बाबा निघाले असणार, बंबात लाकडं रचली असणार. मी एसटीच्या प्रत्येक वेळेला कान टवकारून बसायचो. बाबा आले नाहीत. एका दुपारी शेडच्या पत्र्याला लागून मामा-मामीची कुजबुज कानावर आली. माझ्या आईला ते अक्का म्हणायचे.

"अहो, भाऊबीजेला अक्का येतील. त्यांना काय सांगायचं?"

"हळू बोल."

"तुमच्या पोराला महारोग झाला, आन् तोबी आमच्या घरात, आसं सांगायचं?"

"नांदेडहूनच घिऊन आला आसंल."

"कुठूनबी आणू दे. नाव आपल्याच घराचं होणार हाय. पक्कं हाय का पण?"

"दाभण घातला म्या. आर्धा आत गेला. पोरगं हसून राहिलं होतं."

मामी रडायला लागली. माझ्यासाठी नव्हे, घराच्या नावासाठी.

मी पोत्यात तोंड खुपसून हसलो. हसू थांबल्यावर मात्र मोंढा आठवला. मोंढ्याच्या कोपऱ्यावर बोटं झडलेला एक माणूस बसायचा. मामा दर सोमवारी त्याला भाकरी द्यायचा, म्हणजे चार पावलं लांबून त्याच्या भांड्यात टाकायचा. ती भाकरी पडल्याचा आवाज मला पाठ होता. तोच आवाज आता घरात, माझ्या ताटात होत होता. फरक एवढाच की त्या माणसाला मामा सोमवारी द्यायचा आणि मला रोज.

आता माझ्यापुढे दोन वाटा होत्या. "गिटार" एवढा एक शब्द उच्चारला असता तर मी त्याच घटकेला माणसात आलो असतो, स्टीलचं ताट परत मिळालं असतं, आणि गिटार बंबात गेली असती. नाहीतर गप्प बसायचं. मी विचार केला. शेडकडे कुणी फिरकत नव्हतं. माझ्या वस्तूंना कुणी हात लावत नव्हतं. सगळ्या लातुरात एवढा एकांत एकाही क्लासच्या पोराला नव्हता. मी महारोगी राहायचं ठरवलं.

दुसऱ्याच दिवशी मी चाचांकडून गिटार पोत्यात घालून आणली. सगळी हकिगत ऐकून चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "मुबारक हो डॉक्टर. अब कोई पास नै आता. इससे अच्छा रियाज कां होता?"

तारांखाली रुमाल सरकवला की आवाज शेडच्या बाहेर जात नाही. मी आयुष्यात त्या दिवसांत वाजवलं तितकं कधी वाजवलं नाही. घट्टे असे झाले की तार दाबताना टक् असा आवाज यायचा, लाकडावर लाकूड. मामी अंगणात आली की मी मुद्दाम डावा हात खिडकीत वाळत घातल्यासारखा बाहेर लोंबकळत ठेवायचो. ती पदर तोंडाला लावून आत पळायची. केवढी मजा.

मजेला एक दिवस ताप आला. अंग फणफणलं, उठवेना. मामीनं दारातून बघितलं, गोळी कागदात गुंडाळून काठीच्या टोकानं आत सरकवली आणि पाण्याचा तांब्या उंबऱ्याबाहेर ठेवला. उंबऱ्यापर्यंत मीच रांगत गेलो. घरात माणसं होती, त्यांच्या बोलण्याचा, कुकरच्या शिट्टीचा आवाज येत होता, आणि माझ्या कपाळाला हात लावायला कुणी नव्हतं. मग मीच माझा डावा हात कपाळावर ठेवला. बोटांना काही कळेना. ताप आहे की नाही, एवढंसुद्धा ती सांगेनात. त्या दिवशी मला वाटलं, मामा म्हणतो तसंच असेल. आपल्यालाच माहीत नसेल. मी गिटार ओढून घेतली आणि पडल्या पडल्या वाजवून पाहिली, नुसती खात्री करायला की हे तिच्यामुळेच आहे.

दिवाळी तोंडावर आली. आई भाऊबीजेला येणार. त्याआधी काय ते मिटवायला हवं. मामानं मला दवाखान्यात न्यायचं ठरवलं. पण कुठल्या? लातुरात नेलं तर बाजाराला कळणार, नांदेडला नेलं तर बाबांना, उदगीरला तर सोयरेच भरलेले. शेवटी नायगाव निघालं, कारण तिथं आपलं कुणी नाही. एसटीत मामा माझ्या पुढच्या सीटवर बसला आणि माझी सीट त्यानं उपरण्यानं झटकली, मी बसण्याआधी नव्हे, उठल्यावर.

नायगावच्या सरकारी दवाखान्यात शिरलो आणि पहिल्याच बाकावर मामाच्या शेजारच्या गाळ्यातले आडत्ये बसले होते, गुडघा धरून.

"तुम्ही इकडं?" दोघं एकदमच म्हणाले.

"पोराला खरूज झालीय," मामा म्हणाला.

"लातुरात खरजेचं औषध न्हाई?"

"तुमच्या गुडघ्याचं न्हाई का?"

ते गुडघा चोळायला लागले. नंतर कळलं, त्यांनाही काही लपवायचंच होतं. पण ते दुसऱ्या घरचं दुखणं, आपण आपलं बघू.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला शर्ट काढायला लावला, पाठ-पोट-कान तपासले, कोपराजवळची शीर चाचपली, कापसाचा बोळा तळहातावर फिरवला. "कळतंय?" कळत होतं. बोटांच्या पेरांवर फिरवला. कळत होतं. टोकांवर फिरवला. नाही. त्यांनी माझं बोट नाकाशी नेऊन वास घेतला आणि हसले.

"किती वर्षं वाजवतोस?"

मी मामाकडे बघितलं. मामा भिंतीकडे बघत होता. तिथंही तीच सूचना रंगवलेली होती.

"बरं, काय वाजवतोस ते सांग. सतार का गिटार?"

आता लपवून उपयोग नव्हता. "गिटार," मी म्हणालो.

"मग मजा आहे," डॉक्टर म्हणाले, आणि मामाकडे वळले. "काही झालेलं नाही याला. तारांचे घट्टे आहेत."

मामाला शब्द कळायला वेळ लागला. "पण औषध काय त्याच्यावर?"

"औषध नाही. वाजवणं सोडलं की महिनाभरात जाईल."

"आन् न्हाई सोडलं तर?"

"तर राहील."

दवाखान्याच्या बाहेर मामा लिंबाच्या झाडाखाली उभा राहिला. मला वाटलं जवळ घेईल. एवढ्या दिवसांनी कुणीतरी जवळ घ्यावं असं मलाही वाटत होतं. मामानं उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "महारोगाला गोळ्या हायत. सरकार फुकट देतंय. ह्याला काय हाय?"

एसटीत आता तो माझ्या शेजारी बसला. मग त्याचा व्यापारी जागा झाला. "तुझ्या बापाला सांगावं लागंल."

"सांगा की."

"बंब पेटलेलाच आसतोय त्यांचा."

"सांगा. मीबी आईला सांगतो."

"काय सांगतोस?"

मी उजवा हात वर नेला आणि हवेतून एक न दिसणारी भाकरी सोडली. थप्. हा आवाज मी तोंडानं केला, आणि फार छान केला.

मामाचा जीव अक्कावर. लहानपणी आई वारली तेव्हा त्याला तिनंच वाढवलेलं, स्वतःच्या ताटातला घास भरवून. तिच्या पोराला आपण पेंडीच्या ताटात वाढलं, हे तिला कळलं तर ती भाऊबीजेचं ताट उचलून परत जाईल आणि पुन्हा या उंबऱ्याला पाय लावणार नाही, हे मामाला पक्कं ठाऊक होतं. मलाही होतं.

फाटा येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "अक्काच्या कानावर ह्यातलं काय जाता कामा नये."

"बाबांच्या कानावरबी," मी म्हणालो.

मोंढ्यात एकदा झालेला सौदा मोडत नाहीत.

भाऊबीजेला आई आली. घर झाडून-पुसून लख्ख, मामीनं माझ्या अंगाला दोनदा उटणं लावलेलं, जणू त्या सगळ्या दिवसांचं स्पर्शाचं देणं एकाच आंघोळीत फेडायचं होतं. पानं मांडली. माझ्यापुढे चकचकीत स्टीलचं ताट आलं. मी बसलो नाही.

"मामी, माझं ताट द्या की."

मामीच्या हातातली पुरणपोळी तशीच राहिली.

"कुठलं ताट?" आईनं विचारलं.

"जर्मनचं. मला त्याच्याशिवाय जेवण जात न्हाई."

मामानं माझ्याकडे बघितलं. ती नजर मी अजून जपून ठेवली आहे. मन उदास झालं की काढून बघतो. मामीनं मागून ते ताट आणलं, घासलेलं असूनही पुन्हा घासलं, आणि माझ्यापुढे ठेवलं. या वेळी ती वाकली, पार जमिनीपर्यंत.

आईनं ते चेपलेलं ताट फिरवून पाहिलं. "असल्यात जेवतो? घरी तर साधा पेला चेपला तरी तोंड वाकडं करतो." मग भावाकडे बघून कौतुकानं म्हणाली, "लई लाडावून ठेवलंय रे तुम्ही ह्याला."

"भाचा हाय," मामा म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता, विभूती ओघळत होती. आईनं त्याला ओवाळलं. मी पोळीवर तूप मागितलं, मग पुन्हा मागितलं, आणि मामा वाढत गेला. बारावी होईपर्यंत तो असाच वाढत राहिला. गिटार शेडमध्ये उघड्यावर, खुंटीला टांगलेली असायची.

डॉक्टर मी झालो नाही. बारावीचा निकाल लागला तेव्हा बाबांनी बंबाकडे बघितलं, पण गिटार मी मामाच्या शेडमध्येच ठेवून आलो होतो, जाळण्यासारखं माझ्याजवळ काही दिसेना. नांदेडच्या दुकानात बसलो. पुढे बाबा गेले. आता त्या दुकानात कापड नाही, गिटारी विकायला असतात, आणि मागच्या खोलीत मी शिकवतो. क्लासची पोरं चोरून येतात. त्यांच्या मधल्या बोटांना आता पेनाचे घट्टेही नसतात, उत्तरपत्रिकेवरचे गोल काळे करून कुठला घट्टा पडणार. चिकटपट्टी लावून आलेल्याची पट्टी मी स्वतः काढतो. सावकाश नाही.

मामी गेल्यावर मामा माझ्याकडे राहायला आला. साखर वाढलेली, पाय सुजलेले. परवा त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी त्याला डोळे मिटायला सांगितले आणि तळपायाला सुई टोचली.

"कळतंय का आजोबा?"

"टोचा तर आधी," मामा म्हणाला.

सुई टोचलेलीच होती. बाईंनी अंगठ्याला टोचली, टाचेला टोचली. मामा डोळे मिटून वाट बघत बसला होता. मी त्याच्याशेजारी उभा होतो, आणि मला जे हसू आलं ते आवरायला मी बाहेर जाऊन आलो.

घरी आल्यावर मी माळ्यावरून जर्मनचं ताट काढलं. मामीनंच ते माझ्या लग्नात मला दिलं होतं, फडक्यात बांधून. मामा कॉटवर बसला होता. मी ताट त्याच्यापुढे ठेवलं, ताठ उभा राहिलो आणि वरून भाकरी सोडली.

थप्.

मामानं ताटाकडे बघितलं. त्याच्या चेपलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे न बघता भाकरी मोडली आणि पिठल्याला लावली.

"तू हे कधी करशील म्हणून मी पाय सुजल्यापास्नं वाट बघून राहिलोय," तो म्हणाला. "लई उशीर केलास."

जेवण झाल्यावर त्यानं सुजलेले पाय उशीवर घेतले. "आण तुझी ती अवदसा. पाय गेले, डोळेबी चालले. कान तेवढे शाबूत हायत, भोग माझे."

मी गिटार घेतली. तारा उतरलेल्या होत्या. मी त्या जुळवल्या नाहीत, तशाच छेडल्या, सगळ्या एकदम, आणि मामानं तोंड वाकडं करेपर्यंत वाजवत राहिलो.